इंजिन बदललेली बोलेरो पिकअप घ्यावी का?

गिरणारेकर | ६ जुलै, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून लिहितोय.

गिरणाऱ्याला आमची साडेपाच एकर जमीन आहे. टोमॅटो मुख्य, थोडी द्राक्षं. मागच्या सीझनला भाड्याच्या गाड्यांपायी १ लाख ४० हजार गेले, वहीत तारखेसकट लिहिलेत. शिवाय ऐन तोड्याच्या दिवशी गाडीवाला फोन उचलत नाही तो ताप वेगळाच. म्हणून स्वतःची पिकअप घ्यायची आहे. नवी झेपणार नाही, कारण द्राक्षाच्या मांडवाच्या अँगलचं कर्ज अजून फिटलेलं नाही.

सिन्नरला एक गाडी बघून आलो. बोलेरो पिकअप, १.७ टनवाली, फेब्रुवारी २०१९ पासिंग, बीएस-४ (धुराचा नॉर्म), एमएच १५. दुसरा मालक. मीटर २ लाख १२ हजार. पुढचे टायर नवे, मागचे निम्मे. हौदा सरळ आहे, फाळका एका बाजूने चेपलाय. मागतोय ४ लाख ६० हजार. अशाच गाड्या मला दुसरीकडे सव्वापाच-साडेपाच सांगितल्या.

स्वस्त का, ते त्याने आपणहून सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी इंजिन बदललंय. "हाफ नाही दादा, आख्खं बदललं. नवंच समजा." चालवून बघितली, पिकअप चांगला, आवाजही गोड.

घरी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "बैल विकणारा दात दाखवतो. हा नुसती घुंगरं वाजवून दाखवतोय."

तर घ्यावी का? परत बघायला जाईन तेव्हा काय काय बघू? आणि माझ्याकडे साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स आहे, धंद्याच्या गाडीचा बॅज नाही, ते चालेल का?

शंकेखोर | ६ जुलै, रात्री १०:०५

हात जोडून सांगतो, नका घेऊ. ज्या गाडीचं इंजिन सहा वर्षांत गेलं त्या गाडीचे पहिल्या मालकाने काय हाल केले असतील याचा विचार करा. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, स्प्रिंगचे पाटे सगळं त्याच हातातून गेलंय. इंजिन तेवढं नवं, बाकी गाडी तीच.

खेपवाला | ६ जुलै, रात्री १०:३१

शंकेखोर भाऊ, एवढी टोकाची भूमिका नको ना भो. माझ्या गाडीचंही इंजिन २०२१ ला बदललं. वणीहून सुरतला आठवड्याला तीन खेपा, सापुतारा घाट धरून. आजवर एकदा रस्त्यात उभी राहिली, ती पण टायरमुळे.

इंजिन बदललं हा दोष नाही. का बदललं ते विचारा. आणि विचारल्यावर तो कुठे बघतो तेही बघा.

लायसन्सचं टेन्शन सोडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिलाय, साडेसात हजार किलोच्या आतली मालगाडी एलएमव्हीवर चालते. पिकअप त्याच्या निम्म्यातच बसते.

पाना_नंबर_१३ | ७ जुलै, सकाळी ६:४०

पंचवीस वर्षं डिझेल इंजिन उघडतोय, आधी अंबडला दुसऱ्याकडे, आता स्वतःचं. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

"इंजिन बदललं" हे वाक्य आमच्या धंद्यात चार-पाच अर्थांनी वापरतात. कुणी नुसत्या रिंगा-बेअरिंग टाकून तसं सांगतो. कुणी हाफ इंजिन बसवतो, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन असा खालचा सगळा संच, आणि हेड, टर्बो, इंजेक्टर जुनेच चढवतो. कुणी कंपनीकडून नवं घेतो. तो माणूस बिल फ्रेम करून ठेवतो, कारण पैसे तेवढे गेलेले असतात. आणि बहुतेक जण अपघातात गेलेल्या गाडीतून निघालेलं चालू इंजिन आणून बसवतात. तुमचा बहुधा या शेवटच्यातला. त्यात वाईट काही नाही. पुढून ठोकलेली वर्षभराची गाडी असेल तर इंजिन उत्तम निघू शकतं. तीन लाख किलोमीटर पळालेली असेल तर तुम्ही एक म्हातारं काढून दुसरं म्हातारं घेताय. म्हणून "नवंच समजा" हे समजायचं नाही, कागदावर बघायचं.

आता या गाडीचं. २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, बीएस-४ मध्ये कॉमन रेल, म्हणजे डिझेल सोडायचं काम सेन्सर आणि कॉम्प्युटरवर. त्याच्या आधीच्या गाड्यांना साधा पंप होता. काही ठिकाणी कॉमन रेलच्या गाडीत पंपवालं जुनं इंजिन बसवून देतात, वायरिंग नको, सेन्सर नको, गावातला कुणीही दुरुस्त करतो म्हणून. चालायला मजेत चालतं. पण बीएस-४ गाडीत आधीच्या नॉर्मचं इंजिन कागदावर चढवणं अवघड, आणि तुम्ही कायमचे अडकता. बॉनेट उघडल्यावर पहिलं हे बघा. इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचे सॉकेट आहेत का? असतील तर कॉमन रेल.

थंडं इंजिन चालू करायचं. आदल्या रात्रीपासून बंद असलेलं. विकणाऱ्याला आधी सांगू नका. गेल्या गेल्या ब्लॉकला हात लावा, कोमट लागलं तर त्याने तुमच्या आधी चालू करून घेतलंय. स्टार्टरने किती वेळ घेतला ते मोजा. पहिला धूर बघा. सकाळी क्षणभर पांढरट आला तर चालतं. गरम झाल्यावरही पांढरा आणि गोडसर वास असेल तर पाणी जळतंय. निळा म्हणजे ऑइल. काळा असेल तर एअर फिल्टर, टर्बो, इंजेक्टर यांच्यापैकी कुणीतरी, ते तुलनेने स्वस्तात सुटतं.

मग चालू इंजिनवर ऑइल टाकायचं झाकण सैल करून तसंच उलटं ठेवा. थोडी वाफ, थोडी थरथर येणारच. पण झाकण नाचायला लागलं तर कॉम्प्रेशन रिंगांवरून खाली चाललंय, तिथूनच घरी या. डिपस्टिक काढून ऑइल बघा, चहासारखं दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा आणि इंजिन चालू करून आत बुडबुडे येतात का बघा. येत राहिले तर हेड गॅस्केट.

इंजेक्टर कुणी बदललेत का तेही विचारा. कॉमन रेलच्या बहुतेक इंजेक्टरवर कोड असतो, तो स्कॅनरने ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो. भरला नाही तर गाडी चालते पण खडखडते आणि डिझेल पिते.

आणि शेवटचं, जे कुणी करत नाही. भरून चालवा. रिकामी पिकअप सगळ्यांचीच पळते.

नाशिकरोडचा_नाना | ७ जुलै, सकाळी ७:१५

वाचनखूण साठवली. माझ्याकडे पिकअप नाही आणि घेणारही नाही, तरी साठवली.

पेठरोड_रांग | ७ जुलै, सकाळी ११:२०

मिस्त्रींनी पोटातलं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. एजंट नाही, पण घरच्या सहा गाड्या आहेत, त्यामुळे पेठ रोडच्या आरटीओत माझं अर्धं आयुष्य गेलं.

आरसीवर दोन नंबर असतात, चॅसिसचा आणि इंजिनचा. इंजिन बदललं की दुसरा नंबर खोटा ठरतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा असतो. आठ महिने झालेत म्हणता. चढवलाय का? एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका, इंजिन नंबर पूर्ण दिसत नाही पण जेवढा दिसतो तेवढा आरसीशी जुळवा. नंतर प्रत्यक्ष ब्लॉकवरचा आकडा बघा. डिझेलचा बोळा आणि टॉर्च घेऊन जा, तिथे चिखल आणि ग्रीस चढलेलं असतं. आकड्यांच्या भोवती ग्राइंडर फिरल्यासारखं किंवा ठोके नव्याने मारल्यासारखं दिसलं तर पुढे बोलूच नका. ते इंजिन चोरीच्या गाडीचं असेल तर उद्या ठाण्यात तुम्ही उभे राहाल, विकणारा नाही.

नोंद नसेल तर ती त्याने करायची, विकायच्या आधी. इंजिन खरेदीचं पक्कं बिल लागतं, त्यावर इंजिन नंबर लिहिलेला हवा. जुन्या गाडीतून निघालेलं असेल तर ती गाडी रद्द झाल्याचा कागद मिळाला तर सोनंच. फायनान्सचा बोजा असेल तर त्यांची संमती. गाडी दाखवायला न्यावी लागते. तुम्ही "मी घेतो आणि बघतो" म्हणालात की तो मोकळा आणि तुम्ही रांगेत.

बाकी नेहमीचंच. फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, बोजा असेल तर ३५, त्याचा पत्ता दुसऱ्या आरटीओतला असेल तर एनओसी. सिन्नर नाशिकमध्येच येतं म्हणून ती भानगड नसावी. चलनं तपासा. टॅक्स तपासा. फेब्रुवारी २०१९ म्हणजे एप्रिल २०१९ च्या आधीची, त्यामुळे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लावली आहे का तेही.

फिटनेस पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी असतं, नंतर दरवर्षी. म्हणजे २०२७ पासून ही गाडी दरवर्षी कुणापुढे तरी उभी राहणार आणि तो नंबर बघणार.

मखमलाबादची | ७ जुलै, दुपारी ३:०२

वरच्या प्रतिसादाला माझ्या घरचं उदाहरण जोडते. आमच्या टेम्पोचं इंजिन यजमानांनी बदललं होतं, नोंद "पुढच्या महिन्यात करू" म्हणत राहिली. दरम्यान चांदवडजवळ अपघात झाला, चूक समोरच्याची. सर्व्हेअर आला, त्याने इंजिनचा आणि चॅसिसचा नंबर घेतला आणि तिथूनच सगळं फिरलं. पॉलिसीत एक इंजिन, गाडीत दुसरं. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण अकरा महिने चपला झिजवल्या आणि हातात आलं ते मागितल्याच्या निम्म्याहून कमी. हप्ता मात्र आम्ही एकही चुकवला नव्हता.

तेव्हा गिरणारेकर, आरसीवर नंबर चढला की तोच विम्यातही चढवून घ्या. थर्ड पार्टीचेच १६ हजारांच्या वर जातात या गाड्यांना, एवढे भरून कागद पोकळ नको.

शंकेखोर | ७ जुलै, दुपारी ३:४०

मी पहिल्या प्रतिसादात हेच म्हणालो होतो.

खेपवाला | ७ जुलै, दुपारी ३:४४

तुम्ही "नका घेऊ" म्हणाला होतात. ताई म्हणतायत "कागद करून घ्या". दोन्हीत ४ लाख ६० हजारांचा फरक आहे :)

गिरणारेकर | ८ जुलै, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

फोन केला. का बदललं विचारल्यावर आधी म्हणाला, "जुनी गाडी, होतं असं." परत विचारलं तेव्हा बोलला. मागच्या वर्षी भिवंडीहून परतीचा माल, फरशा, भरून कसारा चढताना गरम झाली. ड्रायव्हरने "आता घाट संपतोच" म्हणून तशीच रेटली. वर पोचेस्तोवर इंजिन जाम. हेड वाकलं, पिस्टन पकडले. उघडून बघण्यापेक्षा दुसरं बसवलेलं बरं म्हणून एका अपघाती गाडीचं आणलं.

बिल आहे का? "आहे की." फोटो पाठवला. वहीच्या कागदावर "१ इंजिन कंप्लीट", रक्कम आणि सही. नंबर नाही, जीएसटी नाही. आरसीवर नोंद केलेली नाही.

पेठरोड_रांग | ८ जुलै, रात्री ८:५१

ते बिल नाही, ती चिठ्ठी आहे.

दुगावकर | ८ जुलै, रात्री ९:१०

आमच्या इकडे भरलेल्या पिकअपने कसारा चढताना दोन इंजिनं गेलेली मला माहीत आहेत. वाशीला टोमॅटो नेताना घाटात काळजी घ्यायलाच हवी.

खेपवाला | ८ जुलै, रात्री ९:१८

भो, वाशीला जाताना कसारा उतरायचा असतो. तिथे इंजिन नाही, ब्रेक जातात. चढ येतो तो परतीला. रिकामे आलात तर काहीच नाही, लालचीने रिटर्न भाडं भरलंत तर मात्र सगळा हिशोब बदलतो. आणि जून २०२५ पासून समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा चालू झालाय, बोगद्यातून जातो. जुना घाट टाळता येतो, टोलचं गणित तेवढं बसवा.

लोडचंही बोलून घेतो. १.७ टन म्हणजे १७०० किलो. क्रेटमध्ये २० किलो माल आणि क्रेटचं स्वतःचं वजन धरून २२ पकडा. हिशोबाने ७७ क्रेट झाले. पिंपळगावच्या मार्केटला उभं राहून मोजा, सव्वाशे-दीडशेच्या खाली कोण येतं? पाट्यात एक जादा पान टाकलं की आपल्याला वाटतं गाडी मोठी झाली. पाटा झेपवतो हो. पाणी गरम व्हायचं ते होतंच.

शंकेखोर | ८ जुलै, रात्री ९:३०

म्हणजे तुम्ही ७७ च नेता?

खेपवाला | ८ जुलै, रात्री ९:३३

मी ९० नेतो. खोटं कशाला बोलू.

पाना_नंबर_१३ | ८ जुलै, रात्री १०:१२

गिरणारेकर, आता खरा प्रश्न हातात आला. पहिलं इंजिन गरम होऊन गेलं. इंजिन आपल्या मर्जीने गरम होत नाही. रेडिएटर चोंदलेला असतो, वॉटर पंप सरकलेला असतो, फॅन घसरत असतो, कूलंट नसतं. यातलं जे काही होतं ते इंजिनाच्या बाहेर होतं. इंजिन बदलताना ते बदललं का? नसेल तर मारेकरी अजून त्याच बॉनेटखाली आहे आणि आत नवा पाहुणा आणून बसवलाय.

रविवारी माझं गॅरेज बंद असतं. नाशिकच्या द्वारका चौकात सकाळी सहाला भेटा, मी येतो. चहा तुमचा.

नाशिककर_मुंबईत | ९ जुलै, सकाळी १०:००

अवांतर: महिंद्राचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीत, घाटाच्या डोक्यावर, आणि आपण त्याच घाटात इंजिन जाळून भंगारात दुसरं शोधतोय. असो.

दोस्त किंवा योद्धा या दुसऱ्या पिकअप बघितल्या नाहीत का? उगाच एकाच गाडीच्या मागे का?

गिरणारेकर | ९ जुलै, दुपारी १:२०

बघितल्या. दोस्त शहरात छान, आमच्या शेतातल्या चिखलात ती नको वाटली. योद्धा आवडली होती, पण गावात तिचं काम करणारा कुणी नाही. बोलेरोचा स्पेअर गिरणाऱ्यात किराणा दुकानातही मिळेल अशी परिस्थिती आहे.

गिरणारेकर | १३ जुलै, रात्री ९:१५

आज जाऊन आलो. मिस्त्रींना किती धन्यवाद देऊ कळत नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

न सांगता सात वाजता दारात हजर. इंजिन थंडगार. अर्ध्या सेल्फला चालू झालं. धूर क्षणभर, मग साफ. ऑइलचं झाकण उलटं ठेवलं, हललंसुद्धा नाही. मिस्त्री मान डोलावत होते. इंजेक्टरला सॉकेट होते, म्हणजे कॉमन रेलच. स्कॅनर लावला, एरर नाही. माउंटिंग नवी. ब्लॉकवरचा नंबर पुसून काढला, आकडे मूळचे, छेडछाड नाही, पण आरसीशी अर्थातच जुळत नाहीत. फोटो आणि पेन्सिलचा छाप घेतला.

मालकाला म्हटलं, भरून बघायची आहे. तोंड वाकडं केलं, पण शेजारच्या दुकानातून सिमेंटच्या वीस गोण्या भरू दिल्या. हमालीचे पाचशे माझे. एक टन झाला. मोहदरी घाट उतरून शिंद्यापर्यंत गेलो.

गंमत इथे झाली. पंधरा-वीस किलोमीटर झाले तरी टेंपरेचरचा काटा तळाशीच. मी मनात खूश, म्हटलं किती थंड चालतेय. मिस्त्री गप्प. गाडी बाजूला घ्यायला लावली, बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या वरच्या होजला बोट लावलं आणि म्हणाले, "व्हॉल्व्ह काढलाय."

मग समजावलं. व्हॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट, तो इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरतो. तो काढून टाकला की पाणी सारखं फिरत राहतं, सपाटीला काटा वर येत नाही आणि घेणारा माझ्यासारखा खूश होतो. इंजिन मात्र कायम थंडं चालतं, डिझेल जास्त खातं, आतून झिजतं. आणि खरी गरज लागते तेव्हा काहीच उपयोग होत नाही. ते म्हणाले, "आता चढवा."

परत फिरलो. मोहदरी म्हणजे काही कसारा नाही, नुसता चढ. तिसऱ्या गिअरवर निम्मा चढ होईस्तोवर तळाला बसलेला काटा पाऊण भागावर. एक टनाला. १७०० ला काय झालं असतं!

त्याच्या घरी आणून थंड झाल्यावर मालकासमोरच थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं. आत थर्मोस्टॅट नाही. रेडिएटरमध्ये कूलंट नाही, बोअरचं साधं पाणी. झाकणाच्या आत नखाएवढा चुन्याचा थर. मालक म्हणाला, "आमच्या मिस्त्रीने सांगितलं, आपल्याकडे व्हॉल्व्हची गरज नाही." मला तो लबाड वाटला नाही, खरंच. त्याला तेच सांगितलेलं असणार.

पाना_नंबर_१३ | १३ जुलै, रात्री ९:५८

लबाड नाहीच. आमच्यातल्याच लोकांनी हे गावोगाव पसरवलंय. गाडी गरम होते अशी तक्रार आली की व्हॉल्व्ह काढून हातात द्यायचा, दोनशे रुपये घ्यायचे. गिऱ्हाईक काटा बघून घरी जातं.

माझं मत: इंजिन चांगलं आहे. ज्या गाडीतून निघालं ती फार पळालेली नसावी. क्लच अजून वर्षभर जाईल. रेडिएटर नवाच टाका, साफ करून भागणार नाही. थर्मोस्टॅट, होज, वॉटर पंप बघून, आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यात. बोअरचं पाणी परत नाही. पंधरा हजारांच्या आसपास जाईल. पण हे कागद झाल्यावरच.

शंकेखोर | १३ जुलै, रात्री १०:०४

ज्याचं रेडिएटर असं त्याचं बाकी कसं असेल, असा माझा मुद्दा होता. कायम आहे.

पेठरोड_रांग | १४ जुलै, सकाळी ९:३०

भाव ठरवा, पण पैसे देऊ नका. इसार द्यायचाच असेल तर दहा-वीस हजारांच्या वर नाही, आणि स्टँपपेपरवर साफ लिहा: आरसीवर नव्या इंजिनाचा नंबर चढवून देणं विकणाऱ्याची जबाबदारी, अमुक तारखेपर्यंत, नाही झालं तर इसार परत. ब्लॉकवरचा नंबर त्या कागदात लिहाच. ताबा तोपर्यंत घेऊ नका. ताबा घेतला आणि वाटेत कुणाला धडकलात तर आरसीवर नाव त्याचं, हातात स्टिअरिंग तुमचं, आणि इंजिन तिसऱ्याचंच.

गिरणारेकर | १४ जुलै, रात्री ८:००

४ लाख १० हजार म्हणालो. तो ४ लाख ३५. इसार देतो पण कागद आधी, म्हटल्यावर भडकला. "एवढं कुणी बघत नाही. सिन्नरच्या निम्म्या गाड्या अशाच फिरतात." म्हटलं फिरू द्या. फोन ठेवला.

आबा म्हणाले बरं झालं. पण ऑगस्ट तोंडावर आलाय, पहिला तोडा वीस-पंचवीस दिवसांवर. भाड्याचीच गाडी बोलावी लागणार.

मखमलाबादची | १४ जुलै, रात्री ८:४५

एक सीझन भाडं गेलं तर गेलं. आमचे अकरा महिने गेले.

दुगावकर | २९ ऑगस्ट, सकाळी ८:१०

धागा वर काढतोय. गिरणारेकर, काय झालं पुढे? मीही याच विचारात आहे.

गिरणारेकर | २९ ऑगस्ट, रात्री १०:२५

लिहिणारच होतो, तोडे चालू असल्याने सवड नव्हती.

१९ ऑगस्टला सिन्नरवाल्याचाच फोन. दरम्यान आणखी दोन गिऱ्हाईकं आली होती, दोघांनीही इंजिन नंबर विचारला. (यातलं एक इथलंच कुणी असेल तर हात वर करा.) मग तो ज्याच्याकडून इंजिन घेतलं त्याच्याकडे गेला, भांडून पक्कं बिल घेतलं, नंबरसकट. मूळ गाडी २०२२ ची, पुढून चेपलेली, तिची नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची झेरॉक्सही मिळाली. आरटीओत गाडी दाखवून आणली. आरसीवर नवा नंबर चढला, मी ॲपवर आणि ब्लॉकवर दोन्हीकडे जुळवला.

एवढं करून म्हणतो, "आता कागद क्लिअर आहेत, ४ लाख ४५."

म्हणजे जुलैपेक्षा १० हजार जास्त. आधी हसू आलं, मग वाटलं त्याचंही बरोबर आहे. जुलैत तो जी गाडी विकत होता ती आणि ही एक नाही. ४ लाख २५ वर तुटलं. फॉर्म २९-३० च्या सह्या झाल्या, विम्यात नंबर आणि नाव दोन्ही बदलायला टाकलंय.

रेडिएटर, थर्मोस्टॅट, दोन्ही होज, बेल्ट, कूलंट मिळून १४ हजार ३००. वॉटर पंप चांगला निघाला, तो ठेवला. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही, घरी दोन क्रेट टोमॅटो पोचवले.

परवा पहिली खेप, पिंपळगाव. ७७ नाही, ८४ क्रेट. (खेपवाला, बोलू नका.) काटा निम्म्याला जाऊन बसला तो उतरेपर्यंत तिथेच. येताना आबा शेजारी होते. तासभर काट्याकडेच बघत होते, रस्त्याकडे एकदाही नाही.

पाना_नंबर_१३ | २९ ऑगस्ट, रात्री १०:४०

हजार किलोमीटरला आणून दाखवा. होजचे क्लिप परत आवळायचे असतात.

शंकेखोर | २९ ऑगस्ट, रात्री १०:५२

अभिनंदन. गिअरबॉक्सचं ऑइल बदललंत का?

गिरणारेकर | २९ ऑगस्ट, रात्री १०:५५

नाही :( उद्या बदलतो.

दुगावकर | ३० ऑगस्ट, सकाळी ६:३०

मंगळवारी आमचे साठ क्रेट आहेत, पिंपळगावला. आमच्या नेहमीच्या गाडीवाल्याने आत्ताच नाही म्हणून कळवलंय. क्रेटमागे काय घेणार?

गिरणारेकर | ३० ऑगस्ट, सकाळी ६:३४

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.